खिराशचं दार

शव्वाल ५, हिजरी सन २३

दार! माझ्या भावाने घराला दार बसवलं.

सकाळी नदीवरून पाणी घेऊन येत होते. त्याच्या घरापुढे दोन सुतार चौकट ठोकत होते. मला वाटलं गोठ्याचं काम असेल. विचारलं तर म्हणाले, "आमिलांनी सांगितलंय." आमिल, खलीफांनी नेमलेला इथला अधिकारी, म्हणजे आमचा खिराश. ज्याचं नाक मी ओढणीच्या टोकाने पुसलं, तो!

दार सागाचं आहे. हीरा शहरातल्या कुठल्याशा पडक्या महालातून आणलंय. लोखंडी खिळे, पितळेची कडी. फौजेच्या या सगळ्या छावणीत कुणाच्या घराला दार नाही. बोरूच्या चटया आणि लोकरीचे पडदे. अन् याला साग!

मदीनेहून नेमणूक आली तेव्हा हाच मशिदीच्या अंगणात उभा राहिला होता. खलीफांनी घातलेली एकेक अट सगळ्यांदेखत म्हणाला होता. तुर्की घोड्यावर बसणार नाही. चाळलेल्या पिठाची भाकरी खाणार नाही. तलम कापड घालणार नाही. लोकांची गरज आणि मी यांच्यामध्ये दार ठेवणार नाही. मी बायकांत बसले होते. रडले होते — अभिमानाने.

मूर्ख बाई.

शव्वाल ६

गेले. म्हटलं, "माझ्या आईच्या लेका, हे काय आहे?"

हसला. "दार आहे, रैता. उघडतं आणि मिटतं."

"मिटतं कशाला?"

मग सांगायला लागला. लोक कधीही येतात. जेवताना येतात, आंघोळ करताना येतात. परवा दुपारी डोळा लागला होता. उघडला तर उशाशी एक जण उभा, कमरेला खंजीर! "त्याला पाण्याची पाळी विचारायची होती. पण ते मला कसं कळणार?"

"विचारलंस की कळलं असतं."

"आणि कळायच्या आधीच—?"

मला असा राग आला! म्हटलं, "कुणाला भितोस? रोज पाच वेळा याच लोकांकडे पाठ करून तू नमाजाला उभा राहतोस. तेव्हा नाही वाटत भीती? मदीनेत खुद्द खलीफा, अमीरुल मोमिनीन, झाडाखाली चादर टाकून झोपतात. एकटे. त्यांना कुणी काही केलं?"

तो दाराची कडी चाचपत राहिला.

मी ताठ मानेने परत आले.

शव्वाल ९

आता दारापुढे माणूस बसवलाय. आणि कोण — मिख्नफ!

शव्वाल १०

ज्या हाडावर मी हे लिहिते, त्यावर काल जागाच उरली नव्हती. शेजारच्या उफैराने कसायाकडून नवं आणून दिलं, उंटाच्या खांद्याचं, चांगलं रुंद. बदल्यात तिच्या बहिणीला पत्र लिहून द्यायचंय. माझ्या बापाने हीरात व्यापार केला आणि पोरीला अक्षरं शिकवली, त्याचा हा फायदा.

मिख्नफ. लढाईच्या दिवशी हा सामानाची राखण करत मागे थांबला होता आणि तेव्हापासून स्वतःला राखणदार समजतो. तिवईवर बसतो. हातात काठी. ओळखीच्या माणसालाही विचारतो, "कोण? काम काय?"

सुवैद — उफैराचा नवरा, आमचा शेजारी, मडकी घडवतो — काल तिथे गेला. मिख्नफ म्हणाला, आत्ता भेट नाही. सुवैद म्हणाला, "का रे, आमिल बाळंत झाले का? मग रिकाम्या हाताने कसा आलो मी! थांब, खजूर घेऊन येतो."

सगळी आळी हसतेय. मी नाही हसले. ही हसण्याची गोष्ट नाही. आज हसतील, उद्या सवय होईल.

शव्वाल १७, शुक्रवार

आजचं आजच लिहिते.

दुपारी उफैरा धावत आली. "अगं, तुमची म्हातारी तिकडे उन्हात बसलीय."

आमची म्हातारी म्हणजे उम्म कुरैब. आमच्या आईला दूध नव्हतं. आम्हा दोघांनाही तिनेच पाजलं, वाळवंटात, तिच्या तंबूत. तिचा आमच्यावर आईइतकाच हक्क. आईच्या वाटेत कुणी काठी आडवी घालतं?

मिख्नफने घातली!

ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले. पहाटे निघून चालत आली होती, पाठीवर तुपाचा बुधला. मिख्नफला म्हणाली, "मी त्याची आई आहे." तो म्हणाला, "आमिलांच्या आया रोज येतात. त्यांची दुपारची झोप चाललीय." ही बसली. बुधला त्याच्यापाशी दिला — "उठला की दे."

मी दारावर मुठी आपटल्या. मिख्नफ म्हणतो, "बाई, आवाज!" मी म्हटलं, "तुझी आई तुला रडो! दाढी पूस आधी." दाढीला तूप होतं त्याच्या.

दार जाड आहे. आत काही ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल.

तिला घरी आणलं, पाणी दिलं, पाय धुतले. मग कळलं ती का आली ते. जकात गोळा करणारा तिची उंटीण, सहबा, घेऊन गेला. तिच्याकडे उंट तीन. एक म्हातारा, एक पिल्लू आणि ही दुभती. सहबाच्या दुधावर ती जगते. पाचाच्या आत उंटांवर जकातच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल! पण त्याने तिच्या पुतण्याचा कळप तिच्यात धरून मोजला. आणि घ्यायची तर मधली घ्यावी, सगळ्यात चांगली कुणी ओढून नेतं?

म्हटलं, "चल, आत्ता जाऊ. दार फोडू."

म्हणाली, "नको, पोरी. झोपू दे त्याला. लहानपणी झोपायचाच नाही. मी याला खांद्यावर टाकून तंबूभोवती फिरायची."

ऊन उतरल्यावर निघून गेली. तक्रार तशीच घेऊन.

शव्वाल १८

पहाटेच्या नमाजानंतर खिराशला मशिदीच्या अंगणात गाठलं. तिथे दार नाही.

सगळं ऐकलं. चेहरा पडला. म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"माहीत कसं होणार? माहीत होऊ नये म्हणूनच तर ते बसवलंय."

"बघतो."

बघतो!

जिल्काद ३

कुरणाकडे गेले होते. सरकारी कळपात सहबा दिसली. मांडीवर डाग दिलाय — जकातीचा. कातडी अजून ओली आहे. मी हाक मारली तशी मान वळवली तिने.

तो अजून बघतोय.

जिल्काद ११

सुवैदच्या भट्टीपाशी पुरुष जमतात. आज मीही मडकं घ्यायच्या निमित्ताने थांबले.

कळलं की मदीनेहून खलीफांचा माणूस निघालाय. हजच्या आधी छावण्या फिरतोय. दर ठिकाणी जुम्म्याला मशिदीत उभा राहतो आणि उघड विचारतो — तुमच्या आमिलाविरुद्ध कुणाला काय म्हणायचंय?

मग काय शौर्य संचारलं सगळ्यांत! एक म्हणाला, मी दाराचं सांगणार. दुसरा म्हणाला, मी मिख्नफचं सांगणार, माझ्या म्हाताऱ्या बापाला काठी लावली त्याने. सुवैद म्हणाला, "मी तर अटींपासून सुरू करणार. चारही पाठ आहेत मला." आणि म्हणूनही दाखवल्या. हुबेहूब खिराशच्या आवाजात.

उफैरा माझ्या कानाशी म्हणाली, "याचा आवाज भट्टीपुरताच असतो."

जिल्काद १५

माणूस आला. एकच उंट, एकच पिशवी. कुणाकडेही उतरला नाही. मशिदीच्या भिंतीशी झोपला.

खिराशने जेवण पाठवलं. परत आलं.

जिल्काद १६, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

नमाज झाली. तो माणूस उठला. सडसडीत, पिकलेली दाढी, ठिगळाची चादर. आवाज मोठा नव्हता. म्हणाला, "मी अल्लाहची शपथ घालून विचारतो. या आमिलाबद्दल ज्याला काही ठाऊक असेल त्याने बोलावं."

शांतता.

कुणीतरी म्हणालं, "आम्हाला चांगलंच ठाऊक आहे." मग दुसरा, "चांगलंच." मग सगळीकडून — चांगलंच, चांगलंच. ज्याच्या बापाला काठी लागली तोही! सुवैद पायाचं नख बघत होता. चारही अटी पाठ असलेला सुवैद!

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. बायकांच्या रांगेतून मी उभी राहिले. म्हटलं, "मला बोलायचंय."

खिराश पुढे बसला होता. त्याने मान वळवली नाही. माझा आवाज त्याला ओळखू येतो.

"अल्लाहच्या दासी, तू त्याची कोण?"

"बहीण. सख्खीही आणि दुधाचीही."

कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "घरचं भांडण घरी मिटवा." मी वळून म्हटलं, "घराला दार लावलंय, आत जाता येत नाही!" कुणी हसलं नाही.

मी सांगितलं. दार, मिख्नफ, तूप, ऊन, सहबा, डाग.

"साक्षीदार?"

उम्म कुरैब जुम्म्यासाठी आली होती. तिला पुढे आणलं. मला वाटलं, आता ही बोलेल. तिचाच तर उंट! तिचेच तर ओठ फुटले!

ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही. बाळाला झोप नको का?"

सगळी मशीद हसली. खिराशचे कान मागून लाल झालेले दिसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्याच म्हातारीने मला खोटं पाडलं.

तो माणूस हसला नाही. तिच्यापुढे जमिनीवर बसला. "आई, उन्हात बराच वेळ बसावं लागलं का?"

"कुठे ऊन? सावली होती."

"तिथे झाड आहे?"

"झाड नाही रे. दाराची सावली."

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

तो उठला आणि चालू लागला. सगळे मागे. मिख्नफ आम्हाला बघून तिवईसकट बाजूला झाला. त्या माणसाने दारावर तळहात ठेवला. सागाची नस बघतात तसा हात फिरवला. मग खिराशकडे बघितलं.

खिराशने स्वतः दार खांद्याने उचलून खोबणीतून काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. जड होतं. गुडघे वाकले त्याचे. अंगणात आणून टाकलं आणि म्हणाला, "कुऱ्हाड द्या."

मिख्नफची काठीही त्यातच गेली.

जिल्काद १७

दाराचं लाकूड वाया का घालवायचं — उफैराने त्याच्यावर तंदूर पेटवला. सगळ्या आळीने भाकऱ्या खाल्ल्या. सागाच्या धुराला गोड वास येतो. म्हणे समुद्रापलीकडून, हिंदमधून येतं ते लाकूड.

मदीनेचा माणूस पुढच्या छावणीकडे गेला. खिराशला पदावर ठेवलंय. जकात घेणाऱ्याला काढलं. सहबा सोडली.

खिराश आला. सगळ्यांसारखा रांगेत उभा राहिला, एक भाकरी घेतली, उभ्यानेच खाल्ली. माझ्याकडे बघितलं नाही.

सुवैद म्हणतो, "मी बोलणारच होतो, तेवढ्यात तू उठलीस."

जिल्काद २४

उम्म कुरैबकडे गेले, म्हटलं आनंदात असेल. सहबा तंबूपाशी उभी होती. म्हातारी डागावर राख चोळत होती.

"हा जाणार नाही आता. बघणारा म्हणेल, बाईने जकातीचं जनावर चोरलं."

"मी लिहून देते तुला, चामड्यावर."

"मला काय वाचता येतं? की उंटाला येतं?" मग थोड्या वेळाने — "पोरी, तू माझ्या बाळाला चारचौघांत उघडं केलंस."

मी! मी उघडं केलं! ज्याच्या दारात ही कुत्र्यासारखी बसली, तो बाळ. आणि जिने हिचा उंट सोडवला ती वाईट!

दूध मात्र दिलं. वाडगा भरून. मी प्यायले नसते, पण तहान लागली होती.

जिल्हज १०

ईद. खिराशने मांस पाठवलं. स्वतः आला नाही. मीही गेले नाही.

जिल्हज २२

आता तक्रार अशी आहे की आमिल दमलेले दिसतात!

खरंच! भट्टीपाशी तेच चाललंय. दिवसभर त्याच्याकडे रीघ. कोणीही उठतो, जातो. काल कुणाची बकरी आत शिरून अंथरुणावर बसली. एक जण तर दुपारी नुसता गप्पा मारायला जातो, घरी बायको बोलते म्हणून. खिराश ऐकून घेतो. खोकतो आणि ऐकून घेतो. ज्याच्या बापाला काठी लागली होती तो म्हणतो, "दार होतं तेव्हा निदान रांग तरी लागायची."

मी मडकं तिथेच आपटलं. सुवैदने पैसे मागितले नाहीत.

अटी होत्या की नव्हत्या? साक्षीला तुम्ही होतात की नव्हता? झोप उडाली त्याची तर उडू दे. मदीनेत झाडाखाली—

पुढे लिहवत नाही. थंडी पडायला लागली आहे. बोटं वळत नाहीत.

मुहर्रम ९, सन २४

कूफ्याहून स्वार आला. घोडा मशिदीपाशी येऊन बसला, उठला नाही.

अमीरुल मोमिनीन गेले.

मारलं. मदीनेत, मशिदीत. पहाटेची नमाज. रांगा सरळ करून पुढे उभे राहिले, लोकांकडे पाठ केली, अल्लाहू अकबर म्हटलं. तेवढ्यात.

मुहर्रम १०

स्वाराने आणखी सांगितलं. ज्याने सुरा मारला तो त्यांना अनोळखी नव्हता. आधी गाऱ्हाणं घेऊन आला होता. त्यांनी थांबून ऐकून घेतलं होतं.

दार नव्हतंच. कुणीही यावं.

सुवैद भट्टीपुढे बसून रडत होता. भट्टी विझलेली. मी त्याच्याशी चांगलं बोलले.

मुहर्रम ११

मदीनेत सहा जणांनी बसून नवे खलीफा निवडले. नाव कळलं. कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी काहीच बोललं नाही. पुरुषांनी खिराशच्या हातावर हात ठेवून बैअत, निष्ठेची शपथ, दिली, एकेक करून. आम्ही बायकांनी शब्दाने दिली.

मी बघत होते. प्रत्येक माणूस त्याच्या इतका जवळ जात होता. प्रत्येकाचा एक हात त्याच्या हातात. दुसरा चादरीखाली.

मला कधी असं दिसलं नव्हतं.

मुहर्रम १३

गेले त्याच्याकडे. आत जायला काही अडवत नव्हतं. चौकट उभी आहे, खोबणीत कोळ्यांनी जाळी केली आहेत. तो खाली बसून जोडा शिवत होता. किती वाळलाय! दाढीत पांढरं आलंय. माझ्या धाकट्या भावाच्या.

त्याच्या समोर बसले. मग मी म्हटलं, "दार लाव."

त्याने वर बघितलं. किती दिवसांनी!

"सुतार हीरात आहेत. मी स्वतः जाऊन आणते. सागाचं नको. कसलंही."

"अट आहे, रैता."

"ज्यांनी घातली ते गेले."

"मी सगळ्यांदेखत म्हटलीय. साक्षीदार आहेत." सुई दाताने ओढली. "तू होतीस ना बायकांत. रडली होतीस. मी बघितलं होतं."

मला संताप आला. त्याचा, माझा, त्या मदीनेच्या माणसाचा, सगळ्यांचा! म्हटलं, "मग मर!"

"तेही सगळ्यांदेखतच," म्हणाला. आणि हसला. तसाच, पूर्वीसारखा.

उठताना त्याच्या मानेकडे बघितलं. मागून. लहानपणी तिथे तीळ होता. अजून आहे.

मुहर्रम १६

दुपारी उम्म कुरैब आली. पाठीवर तुपाचा बुधला, चालत. मी त्याच्या उंबऱ्यावर बसले होते. परवापासून इथेच बसते, लोकर कातत. मांडीवर चाती, हाताशी तंबूची टोकदार मेख.

"आत आहे का माझं बाळ?"

मी तिची चादर बाजूला करून कंबर बघितली. काही नव्हतं. अंगावर सुरकुत्या, बाकी काही नाही.

तरी म्हटलं, "बस जरा. झोपलाय तो."

ती बसली. उन्हात. आता सावली नाही तिथे.